ऑगस्टची प्रायमरी: मिशिगनमधल्या नव्या मराठी मतदारांसाठी

नागरिकत्वाची शपथ झाली, हातात छोटा झेंडा आला, संध्याकाळी घरी श्रीखंड-पुरी झाली. पुढे नोव्हेंबरात आपण पहिल्यांदा मतदानाला जातो आणि मतपत्रिकेवरची नावं वाचताना प्रश्न पडतो: ही माणसं आली कुठून? यांना उभं कुणी केलं? मला तो प्रश्न पडला तेव्हा उत्तर द्यायला जवळ कुणी नव्हतं. पुढे दोन वर्षं विचारत, चुकत, शेजारच्या बाईंच्या मागे मागे फिरत जे शिकले ते इथे लिहिते आहे. मी मिशिगनमध्ये राहते, म्हणून नियम मिशिगनचे. दुसऱ्या राज्यात असाल तर पायऱ्या साधारण याच असतील, पण तारखा आणि कायदे वेगळे. तुमच्या राज्याचे नियम तपासल्याशिवाय पाऊल टाकू नका.

आपल्याकडे तिकीट पक्षश्रेष्ठी देतात. अर्ज भरायच्या शेवटच्या दिवशी दुपारी तीनच्या आत एबी फॉर्म कुणाच्या हातात पडतो याकडे अख्ख्या मतदारसंघाचे डोळे लागलेले असतात, आणि ज्याच्या हाती पडत नाही तो बंडखोरी करतो. मिशिगनमध्ये तो एबी फॉर्म मतदार देतात. दर सम वर्षी ऑगस्टमधल्या पहिल्या सोमवारनंतरच्या मंगळवारी प्रायमरी होते (२०२६ साली ४ ऑगस्टला), आणि तिथे त्या त्या पक्षाच्या रकान्यात सर्वांत जास्त मतं मिळवणारा नोव्हेंबरात पक्षाचा उमेदवार होतो. निम्म्याहून जास्त मतं लागतात असं नाही. दुसरी फेरीही नसते.

याचा अर्थ काय ते आपल्याच माणसाच्या उदाहरणावरून पाहा. बेळगावात वाढलेले श्री ठाणेदार २०१८ मध्ये राज्यपालपदाच्या डेमोक्रॅटिक प्रायमरीत उतरले आणि तिसरे आले. २०२२ मध्ये काँग्रेसच्या, म्हणजे अमेरिकेच्या संसदेच्या, डेट्रॉइटमधल्या १३ व्या मतदारसंघाच्या प्रायमरीत नऊ उमेदवार होते. त्यात ठाणेदार साधारण २८ टक्के मतांवर जिंकले. तो मतदारसंघ डेमोक्रॅटांचा बालेकिल्ला, त्यामुळे खरा निकाल ऑगस्टमध्येच लागला होता. नोव्हेंबरची निवडणूक त्यांनी सहज जिंकली आणि जानेवारी २०२३ मध्ये ते काँग्रेसमध्ये गेले. ते तुम्हाला आवडोत न आवडोत, तो वेगळा विषय. पण त्या मतदारसंघात जो फक्त नोव्हेंबरात मतदानाला गेला, त्याच्यासाठी ठरवण्यासारखं फारसं काही उरलं नव्हतं. अशा बालेकिल्ल्यांची या देशात कमी नाही, दोन्ही पक्षांचे आहेत.

आधी कागदपत्रं

मतदार नोंदणी इथे शहराच्या किंवा टाउनशिपच्या क्लार्ककडे असते. मिशिगनमध्ये असे दीड हजारांहून जास्त क्लार्क आहेत. तुमचा क्लार्क म्हणजे तुमच्या टाउनशिप हॉलमध्ये बसणारा, फोन उचलणारा माणूस. त्याला फोन करायला संकोच वाटू देऊ नका. माझ्या अनुभवात या देशातलं सर्वांत मदत करणारं सरकारी ऑफिस हेच.

नागरिकत्व, मतदानाच्या दिवशी वय १८ पूर्ण आणि त्या गावात ३० दिवसांचं वास्तव्य, एवढं असलं की नोंदणी होते. ऑनलाइन किंवा टपालाने करायची तर मतदानाच्या १५ दिवस आधीपर्यंत. त्यानंतरही दार बंद होत नाही: राहत्या पत्त्याचा पुरावा घेऊन क्लार्कच्या ऑफिसात स्वतः गेलात तर अगदी मतदानाच्या दिवशी रात्री आठपर्यंत नोंदणी करून तिथेच मत देता येतं. २०१८ मध्ये मतदारांनी सार्वमताने घटनादुरुस्ती करून हा हक्क मिळवला. शपथविधीच्या हॉलबाहेर लीग ऑफ विमेन व्होटर्स या पक्षनिरपेक्ष संस्थेच्या स्वयंसेविका बऱ्याचदा फॉर्म घेऊन उभ्या असतात. तिथेच भरून टाकला तर उत्तम.

मिशिगनमध्ये नोंदणी करताना पक्ष सांगावा लागत नाही. न्यू जर्सीत राहणाऱ्या माझ्या नणंदेला हे खरंच वाटेना, कारण तिकडे पक्षाची नोंद असते आणि प्रायमरीपूर्वी पक्ष बदलायचा तर त्याची मुदत पाळावी लागते. म्हणूनच वर म्हटलं, राज्य बघा.

आता ज्यांचं नागरिकत्व अजून झालेलं नाही त्यांच्यासाठी, आणि हे कृपया दोनदा वाचा. एच-वन-बी असो की ग्रीन कार्ड, मतदार म्हणून नोंदणी करायची नाही आणि मत द्यायचं नाही. चुकून झालं तरीही ते गंभीर प्रकरण आहे, देशाबाहेर जायची वेळ येऊ शकते. लायसन्सच्या कामासाठी सेक्रेटरी ऑफ स्टेटच्या ऑफिसात गेलात की पुढे आलेल्या प्रत्येक कागदावर काय लिहिलंय ते वाचून मगच सही करा. देणगीचंही तसंच: ग्रीन कार्डवाल्यांना देता येते, व्हिसावर असलेल्यांना कोणत्याही निवडणुकीत, अगदी गावच्या पातळीवरही, एक डॉलरसुद्धा देता येत नाही. नवऱ्याच्या कार्डावरून बायकोने, असंही नाही. मात्र बिनपगारी स्वयंसेवक म्हणून काम करायला कुणालाच बंदी नाही. दारोदार जा, फोन करा, पाकिटं भरा. फक्त व्हिसावर असाल तर प्रचाराचा पैसा कुठे खर्च करायचा याच्या निर्णयात बसू नका.

मतपत्रिका घरी वाचा

मिशिगन व्होटर इन्फर्मेशन सेंटर नावाचं राज्य सरकारचं संकेतस्थळ आहे. तिथे नाव-पत्ता टाकला की तुमच्या प्रिसिंक्टचा, म्हणजे मतदानासाठी पाडलेल्या छोट्या विभागाचा, नंबर, मतदान केंद्र आणि निवडणूक जवळ आली की नमुना मतपत्रिका मिळते. ती छापून घ्या. आमच्या घरी ती फ्रिजवर लावतो आणि जेवताना एकेक पद बोलून घेतो.

ऑगस्टच्या मतपत्रिकेवर दोन्ही पक्षांचे रकाने शेजारी शेजारी असतात. त्यातला कोणताही एक निवडा, पण एकच. कोणता निवडलात ते कुणाला कळत नाही. गडबड होते ती इथेच. आपल्याला दोन्हीकडची एखाद-दुसरी व्यक्ती बरी वाटते: राज्यपालपदासाठी या पक्षाचा, काउंटी कमिशनर म्हणून त्या पक्षाच्या ओळखीच्या बाई. दोन्ही रकान्यांत एकेक गोल काळा केला की पक्षीय विभागातली तुमची सगळी मतं बाद. केंद्रावर जाऊन मत दिलं तर मोजणी यंत्र तिथल्या तिथे सांगतं आणि तुम्हाला नवी मतपत्रिका मागता येते. घरून टपालाने पाठवली असेल तर सांगणारं कुणी नसतं. माझ्या सासूबाईंनी पहिल्याच वर्षी मोठ्या उत्साहाने घरी बसून मतपत्रिका भरली. पाकीट बंद करायच्या आधी मी सहज नजर टाकली तर दोन्हीकडे गोल! "मी चांगली चांगली माणसं निवडली गं," म्हणाल्या. क्लार्कला फोन केला, ती मतपत्रिका रद्द करून दुसरी मिळाली.

रकान्यांच्या खाली आणखी मजकूर असतो, तो सोडू नका. पक्षाविना होणाऱ्या न्यायाधीशांच्या निवडणुका असतात, आणि ऑगस्टात बऱ्याचदा मिलेज असतं, म्हणजे शाळा, वाचनालय, अग्निशमन दलासाठी घरपट्टीत वाढ करायची की नाही. तुम्हाला दोन्ही पक्ष नको असतील तर पक्षीय भाग कोरा ठेवून फक्त या भागात मत दिलं तरी चालतं.

राष्ट्राध्यक्षपदाची प्रायमरी मात्र वेगळी असते आणि ऑगस्टात नसते. २०२४ मध्ये ती २७ फेब्रुवारीला झाली. तिथे कोणत्या पक्षाची मतपत्रिका हवी ते लेखी सांगावं लागतं आणि तुम्ही कोणती निवडलीत ही माहिती खुली असते. मत कुणाला दिलं ते अर्थातच गुप्त.

माणसांत जा

नुसतं वाचून कुणी कार्यकर्ता होत नाही. दोन्ही पक्षांच्या काउंटी समित्या आणि गावोगावचे क्लब आहेत. एखाद्या वाचनालयाच्या मीटिंग रूममध्ये किंवा हॉटेलच्या मागच्या खोलीत महिन्यातून एकदा बैठक होते. पहिल्या बैठकीत मी सर्वांत मागे बसले. सगळे एकमेकांना वीस वर्षं ओळखत होते, आणि तासभर चर्चा चालली ती जत्रेतल्या स्टॉलवर पाण्याच्या बाटल्या कोण आणणार याची. पुन्हा जाऊ नये असं वाटलं. पण मी बाटल्या आणायचं कबूल केलं होतं, म्हणून गेले, आणि दुसऱ्या बैठकीत तिघांना माझं नाव ठाऊक होतं. गणेशोत्सवात मंडपाच्या खुर्च्या लावणारा पोरगा पुढे मंडळाचा चिटणीस होतो, तसंच हे आहे. एखादं कष्टाचं, नकोसं काम अंगावर घ्या आणि ते वेळेवर करा.

उमेदवारही याच बैठकांना येतात. स्टेट हाउसचा उमेदवार समोरच्या खुर्चीवर बसून तुमचं ऐकतो, कारण प्रायमरीत मतदान कमी होतं आणि त्याला प्रत्येक मताची किंमत ठाऊक असते. प्रश्न नेमका विचारा. "शिक्षणाबद्दल तुमचं मत काय" असं विचारलंत तर ठरलेलं भाषण ऐकाल. "आमच्या शाळेची बस या रस्त्यावर थांबत नाही, त्यात तुमच्या पदाचा अधिकार किती" असं विचारलंत तर माणूस कळतो.

मग दारं. जून-जुलैत संध्याकाळी साडेपाच ते साडेआठ ही वेळ. मोहिमेकडून फोनवर एका ॲपमध्ये घरांची यादी मिळते, तिला टर्फ म्हणतात. एका टर्फमध्ये चाळीस-पन्नास दारं धरा. पहिल्या दिवशी एकट्याने जाऊ नका, अनुभवी माणसाबरोबर जा आणि त्याचं ऐका. बेल वाजवून दोन पावलं मागे सरा, म्हणजे दार उघडणाऱ्याला तुम्ही पूर्ण दिसाल. नाव सांगा, "मी इथेच, मागच्या सबडिव्हिजनमध्ये राहते" हे लगेच सांगा. उच्चाराची लाज बाळगू नका. मला त्याचीच भीती होती, आणि एका आजोबांनी दारातच माझे आभार मानले, कारण त्या वर्षी त्यांच्या दारी आलेली मी पहिलीच. कुणी नको म्हटलं तर आभार मानून निघायचं, वाद घालायचा नाही. वाद घालून मत बदललेलं मी एकदाही पाहिलं नाही. घरी कुणी नसेल तर पत्रक दाराच्या फटीत ठेवा, टपालपेटीत कधीही नाही. टपालपेटीत तिकीट न लावलेला कागद टाकणं हा संघराज्याच्या कायद्याचा भंग आहे. पाणी, टोपी, डासांचं मलम आणि आरामाचे बूट. सॅंडल घालून गेले होते, तिसऱ्या गल्लीत पट्टा तुटला.

आपल्या माणसांची दारं तुमच्याइतकी कुणालाच उघडणार नाहीत. यादीत देशपांडे, पाटील, रेड्डी, पटेल अशी नावं दिसली की बाकीचे कार्यकर्ते उच्चार चुकेल म्हणून बिचकतात. तुम्ही ती घरं मागून घ्या.

स्वतः उभे राहा: प्रिसिंक्ट डेलिगेट

हा लेख लिहायचं खरं कारण हे. महाराष्ट्रात पक्षाचा बूथप्रमुख असतो ना, त्याला वरून नेमतात. मिशिगनमध्ये जवळपास त्याच पातळीचं पद आहे, पण त्याला शेजारीपाजारी मतदानाने निवडतात. ऑगस्टच्या मतपत्रिकेवर प्रत्येक पक्षाच्या रकान्यात अगदी तळाशी 'डेलिगेट टू काउंटी कन्व्हेन्शन', म्हणजे पक्षाच्या काउंटी अधिवेशनाचा प्रतिनिधी, असं लिहिलेलं दिसेल. तेच हे. मुदत दोन वर्षं. तुमच्या प्रिसिंक्टला किती जागा ते पक्षाची काउंटी समिती ठरवते. आणि अनेक प्रिसिंक्टमध्ये ही जागा रिकामी पडलेली असते, कारण उभं राहता येतं हेच कुणाला माहीत नसतं.

उभं राहायला सह्या गोळा कराव्या लागत नाहीत. फी नाही. प्रचार समिती स्थापून खर्चाचे हिशेब देण्याची सक्ती या पदाला नाही. लागतो एक फॉर्म: ॲफिडेव्हिट ऑफ आयडेंटिटी, म्हणजे उमेदवाराच्या ओळखीचं शपथपत्र. तो भरायचा, नोटरीसमोर सही करायची आणि काउंटी क्लार्ककडे प्रायमरीच्या आधीच्या तेराव्या मंगळवारी दुपारी चारपर्यंत द्यायचा. २०२६ साठी तो दिवस ५ मे. चार म्हणजे चार, चार वाजून एक मिनिट नाही.

फॉर्म छोटा असला तरी सावकाश भरा. मिशिगनमध्ये या फॉर्ममधल्या चुकीमुळे मोठमोठ्या पदांचे उमेदवारही मतपत्रिकेवरून उडालेले आहेत. मराठी माणसाची अडचण नावापाशी. आपलं मधलं नाव म्हणजे वडिलांचं किंवा नवऱ्याचं. पासपोर्टवर एक, मतदार यादीत दुसरं, लोक हाक मारतात तिसरंच. मतदार नोंदणीत जसं आहे तसं नाव आधी क्लार्ककडून खात्री करून घ्या. शपथ घेताना नाव बदललं असेल, कित्येक जण सुटसुटीत करून घेतात, तर फॉर्मवर पूर्वीच्या नावाबद्दल जे विचारलंय ते शब्दन् शब्द वाचा. प्रिसिंक्ट नंबर अंदाजाने लिहू नका, सीमा बदलतात. आणि नोटरीसमोर पोचेपर्यंत सही करायची नाही. मी घरीच सही करून नेली होती. बँकेतल्या नोटरीबाईंनी कागद उलटा करून माझ्याकडे सरकवला, "नवा आणा," म्हणाल्या. गाडीत दुसरी प्रत नव्हती. तेव्हापासून मी प्रत्येकाला सांगते, कोरे फॉर्म तीन घेऊन जा. बऱ्याच काउंटी क्लार्कच्या ऑफिसात नोटरी असतातच, तिथेच सही केलीत तर एक फेरी वाचते. फॉर्म दिल्यावर तारीख-वेळेचा शिक्का मारलेली प्रत मागून घ्या.

मुदत चुकली तरी एक वाट आहे. मतपत्रिकेवर नाव हाताने लिहून घ्यायचं, राइट-इन. त्यासाठी डिक्लरेशन ऑफ इंटेंट हा छोटा फॉर्म प्रायमरीच्या आधीच्या शुक्रवारी दुपारी चारपर्यंत क्लार्ककडे द्यावा लागतो. नंतर शेजाऱ्यांना तुमच्या नावाचं स्पेलिंग लिहिलेली चिठ्ठी द्या, मात्र केंद्रापासून दूर. लांब आडनावाच्या माणसाला हे जड जातं, म्हणून मेचीच मुदत पाळा.

प्रचार म्हणजे आपल्या गल्लीतली, मागच्या गल्लीतली दारं. काही डझन मतांत निकाल लागू शकतो. मी स्वतः छापलेलं अर्ध्या पानाचं पत्रक घेऊन तीन रविवार फिरले. माझ्या दारापासून चार घरांवर राहणाऱ्या कुटुंबाशी आठ वर्षांत पहिल्यांदा बोलले ते त्या वेळी.

मतदानाचा दिवस

केंद्र सकाळी सातला उघडतं, रात्री आठला बंद होतं. आठच्या ठोक्याला जो रांगेत आहे त्याला मत देता येतं. केंद्राच्या प्रवेशद्वारापासून १०० फुटांच्या आत प्रचार चालत नाही, उमेदवाराचं नाव असलेला टी-शर्ट किंवा बिल्लासुद्धा नाही. २०२२ च्या घटनादुरुस्तीनंतर राज्यव्यापी निवडणुकीपूर्वी किमान नऊ दिवस केंद्रावर जाऊन आगाऊ मतदान करता येतं. ऑगस्टात भारतवारी असेल तर टपाली मतपत्रिका मागवा, कारण द्यायची गरज नाही, पण टपालाला लागणारे दिवस धरून परत पाठवा. सही आपल्या नोंदणीतल्या सहीसारखीच करा. पाकिटावरची सही जुळली नाही तर क्लार्ककडून बोलावणं येतं.

प्रचारात मन रमत नसेल तर इलेक्शन इन्स्पेक्टर व्हा. म्हणजे केंद्रावर बसून मतदारांची नावं तपासणं, मतपत्रिका देणं. क्लार्क त्याचं प्रशिक्षण देतो, पैसेही मिळतात. १६-१७ वर्षांच्या मुलांनाही हे काम करता येतं, कॉलेजच्या अर्जात लिहायलाही उपयोगी. अर्जात पक्ष लिहावा लागतो, कारण केंद्रावर दोन्ही पक्षांची माणसं असावीत असा नियम आहे. स्वतः उमेदवार असाल तर आधी क्लार्कला विचारा.

निवडून आल्यावर

पुष्कळ जण इथेच थांबतात. पण डेलिगेटचं काम प्रायमरीनंतर सुरू होतं. ऑगस्टात काउंटी कन्व्हेन्शन भरतं, मग राज्याचं. मिशिगनमध्ये ॲटर्नी जनरल, सेक्रेटरी ऑफ स्टेट, राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती आणि युनिव्हर्सिटी ऑफ मिशिगन, मिशिगन स्टेट, वेन स्टेट यांच्या नियामक मंडळांचे उमेदवार प्रायमरीत ठरतच नाहीत. ते पक्षाच्या अधिवेशनात ठरतात. ज्या विद्यापीठात आपण मुलांना पाठवायची स्वप्नं पाहतो, त्याची फी ठरवणारी माणसं त्या हॉलमध्ये निवडली जातात. तिथे कुणाला मत देता येतं याची पद्धत पक्षागणिक वेगळी आहे. रिपब्लिकन पक्षात काउंटीच्या अधिवेशनात जमलेले प्रिसिंक्ट डेलिगेट राज्य अधिवेशनाचे प्रतिनिधी निवडतात. डेमोक्रॅटिक पक्षात ३० दिवस आधीपासून सदस्य असलेल्यालाही मत देता येतं, मतांचं वजन काउंटीनुसार धरतात. कोणत्या उमेदवाराला पक्षाची पसंती याचा कौल पुष्कळदा त्याच वर्षीच्या वसंतात घेतलेल्या अधिवेशनातच लागलेला असतो, म्हणून सदस्यत्व थंडीतच घेऊन ठेवा. विषम वर्षी फेब्रुवारीत पुन्हा अधिवेशन होतं आणि पक्षाचा राज्याध्यक्ष निवडला जातो.

अधिवेशनाला जाताना ओळखपत्र, डबा आणि फोनचा चार्जर न्या. दिवस लांबतो. आत शिरताच क्रेडेन्शियल्सच्या, म्हणजे प्रतिनिधींची ओळख तपासणाऱ्या, टेबलावर यादीत नाव शोधावं लागतं. मला माझं नाव आडनावाखाली सापडेना. पहिल्या नावाखाली पाहिलं, तिथेही नाही. शेवटी नवऱ्याच्या नावाखाली सापडलं. टेबलावरच्या मुलीने ते खोडून नीट लिहिलं, हातात गुलाबी कार्ड दिलं, आणि आमच्या काउंटीची पाटी कोणत्या रांगेवर लावली आहे ते बोटाने दाखवलं.